जामीनदार पाहिजे, बागायतदारास प्राधान्य

आमच्या सातारा-सांगलीकडं माणसाची जमीन दोन ठिकाणी विचारतात. एक, सोयरीक जुळवताना. दुसरं, कोर्टात जामीन मंजूर झाल्यावर. किती एकर, बागायत की जिरायत, बोजा आहे का, उतारा कुणाच्या नावावर? प्रश्न तेच. पहिल्या ठिकाणी उत्तर जमलं नाही तर पोरगा बिनलग्नाचा राहतो, दुसऱ्या ठिकाणी आत राहतो. लग्नाच्या बाजारात हल्ली पुण्यातल्या कंपनीची नोकरीही चालते. जामिनाला मात्र सातबाऱ्याचा थाट अजून उतरलेला नाही.

आत नेमकं कोण असतं, याची मोजदाद सरकार दरवर्षी करतं. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजारांवर माणसं होती आणि त्यातली शंभरात पंचाहत्तरहून जास्त न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी. त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचाय. मुक्काम तेवढा पक्का झालाय. तिघांतले जवळपास दोघे दहावीच्या आतले. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून साधारण दोन तृतीयांश. रेशनच्या रांगेतली यादी चुकून गृहखात्यात गेली की काय, अशी शंका यावी. यावरून एखादा भाबडा माणूस असा निष्कर्ष काढेल की या देशात शिकलेला, जमीनजुमलावाला माणूस गुन्हाच करत नाही. आपल्या पतसंस्थांचे ठेवीदार या निष्कर्षाला टाळ्या वाजवून पाठिंबा देतील.

पतसंस्थेचा चेअरमन आत जातच नाही असं नाही. जातो. पण अटकेच्या दिवशीच त्याच्या छातीत कळ येते आणि सिव्हिलचा वॉर्ड त्याला बराकीपेक्षा मानवतो. त्याला जामीन राहायला अर्धा तालुका उताऱ्यांची भेंडोळी घेऊन कोर्टाच्या आवारात हजर. सुटल्यावर फ्लेक्स लागतो.

आता दुसरा गडी घ्या. बीडकडचा, वाळव्यात ऊस तोडायला आलेला. अड्ड्यावर भांडण झालं, कोयता हातात होता (कोयता हातात असणं हाच त्याचा धंदा), कलम लागलं. महिन्याभरानं साहेबांनी जामीन दिला: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार, शक्यतो स्थानिक. मुकादम उचल फिटली नाही म्हणून आधीच तापलेला, तो कशाला उभा राहतोय? बायकोनं गावाकडून भावाला बोलावलं, तर भावाचा उतारा बीडचा आणि जमीन बापाच्या सामाईकात. तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला आणा म्हणाले. तोवर कारखान्याचा पट्टा पडला, टोळी ट्रकात बसून गेली, गडी राहिला. कागदोपत्री त्याला जामीन मिळालेला आहे, हे विसरू नका.

असल्या प्रकाराला सुप्रीम कोर्टानं 1978 सालीच फटकारलंय. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडं खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. निकालाला पन्नास वर्षं होत आली. आपल्याकडं पोस्टाला वेळ लागतो.

काहींची तर कलम लागेपर्यंत थांबायचीही गरज नसते. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो कायदा गेला, माणसं ‘विमुक्त’ झाली. पण गावात मोटार चोरीला गेली की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालाकडं वळते. ड्रायव्हरला रस्ता सांगावा लागत नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगातली जातवार कामवाटणी रद्द केली आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला. रकाना निघेल. रजिस्टरात नावं कुणाची चढतात, ते रकान्याच्या हातात थोडंच आहे?

पूर्वी इथं बरी माणसंही आत असायची. सांगलीचं कारागृह गणेशदुर्गात, संस्थानी किल्ल्यात. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन तिथला तट ओलांडून पळाले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात शहीद झाले, दादांना गोळी लागली. पुढं दादा मुख्यमंत्री झाले. त्यांना जामीनदार शोधावा लागला असता तर महाराष्ट्राचा इतिहास तहसील कचेरीत अडकला असता.

आणि याच भागात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये, मॉरिस फ्रिडमन यांच्या साथीनं, कैद्यांची ही खुली वसाहत वसवली. भिंत नाही, गज नाहीत. कैदी बायकापोरांसह राहतो, शेती करतो. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ यावरूनच आला, कथा माडगूळच्या गदिमांची. वसाहत अजून आहे आणि आहे ती भूषणच. अडचण एकच: तिथं जायला शिक्षा झालेली लागते. म्हणजे ज्याच्या नावावर बाहेर गुंठाभर रान नव्हतं, त्याला सरकार कसायला जमीन देतं, पण आधी त्यानं पक्का कैदी होऊन, चांगली वर्तणूक दाखवून यावं. आमचा ऊसतोडी त्यात बसत नाही. तो निर्दोष असण्याची शक्यता अजून शिल्लक आहे ना!

केंद्र सरकारनं 2023 मध्ये गरीब कैद्यांच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत मदतीची योजना काढली. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही बजावलं, की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. तुमच्या ओळखीतला कुणी असा जामिनावर आत बसला असेल, तर सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं जाऊन त्याचं नाव सांगा. कैद्याला तिथं वकील फुकट मिळतो आणि सातबारा मागत नाहीत.