जुना हुकूम पुन्हा बजावण्याबाबत

भोर-वेल्ह्याकडे कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्या आणि तरीही विम नावाच्या एडिटरवर जीव असलेल्या मंडळींना कळवण्यात येतं की, २०२५ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं आहे. सबब जुने मसुदे दुरुस्त करावेत.

हुकूम असा: कोलन, टक्का, एस, तिरपी रेघ, कीबोर्ड मराठीत नेऊन ‘वेल्हे’, इंग्रजीत परतून तिरपी रेघ, पुन्हा मराठीत ‘राजगड’, पुन्हा इंग्रजीत तिरपी रेघ, जी, सी. वरंधा घाटात एवढी वळणं नसतील. म्हणून हा हुकूम दुसऱ्यांदा टाइप करणारा दंडास पात्र समजावा.

शेवटचा ‘सी’ गाळू नये. त्याच्यामुळे विम प्रत्येक ठिकाणी थांबून ‘बदलू का?’ विचारतो. विचारू द्यावं. बदलला तो तालुका. तोरण्याच्या पायथ्याचं गाव वेल्हेच आहे. न विचारता बदललंत तर ‘मु. पो. राजगड, ता. राजगड’ होऊन पोस्टमनला गड चढावा लागेल. भोरकरांना तरी हे सांगायला नको. संस्थान पंतसचिवांचं, आणि सचिवाचं मूळ कामच राजपत्रांतला मजकूर तपासून शुद्ध करण्याचं.

पुढची फाइल उघडली की उतावळे लोक ॲट आणि कोलन दाबतात. ही जोडी शेवटचा हुकूम पुन्हा बजावते. पण शेवटचा हुकूम ‘पुढची फाइल उघड’ हाच होता! प्रकरण न पाहताच पुढे सरकतं. कचेरीत उमेदवारी केलेल्यांना नवल वाटणार नाही. योग्य रीत अशी: कोलन, टक्का, एस एवढंच लिहून वरचा बाण दाबावा. तशा सुरुवातीचे जुने हुकूमच तेवढे हजर होतात.

एवढं करूनही ‘वेल्ह्यात’, ‘वेल्ह्याला’, ‘वेल्ह्यातील’ तसेच राहतात. त्यासाठी क्यू, मग कोलन. हुकमांची अख्खी वही उघडते. (बहुतेकांना ती विममधून बाहेर पडताना, बोटं उलटी पडल्यामुळे भेटते आणि ते घाबरतात.) जुन्या ओळीत ‘वेल्हे’चं ‘वेल्ह्या’, ‘राजगड’चं ‘राजगडा’ करून एंटर दाबावं. विम बंद केला तरी वही उद्याला शिल्लक राहते.

चुकलंच तर यू दाबावं. शिवरायांनी मुरुंबदेवाचं राजगड केलं, ते टिकलं. तोरण्याचं प्रचंडगड केलं, आणि लोक तोरणाच म्हणत राहिले. तिथे यू कोणी दाबलं, हे कुठल्याच वहीत सापडत नाही.