नारळ सोडून बाकी घर

सांगलीच्या विश्रामबागला गल्लीगणिक एक अण्णा आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, ऐन नोकरीत असताना तीन गुंठ्यांवर घर बांधलेले आणि आता गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारल्यामुळे लिफ्टच्या इमारतीत फ्लॅट घेतलेले. जुन्या घराचं काय करायचं, हा प्रश्न बाकीच्यांना पडतो. अण्णांना नाही. "जागा विकायची नसते," म्हणून ते मोकळे झाले आणि फाटकावर पाटी लागली : 'भाड्याने देणे आहे. एजंट क्षमस्व.'

सी.ए.नं समजावून पाहिलं. जुनं घर विकून झालेला नफा ठरलेल्या मुदतीत नव्या घरात घातला, तर आयकरात सूट मिळते. नवं घर विक्रीच्या आधी वर्षभरात घेतलेलं असलं तरी चालतं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विषय पावसावर नेला.

त्यांचं म्हणणं एकच : "भाड्यातच हप्ता निघतो की!" फ्लॅटचं कर्ज पुण्याच्या मुलाच्या नावावर, हप्ता मुलाच्या पगारातून, हिशोब मात्र अण्णांचा. चाळीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता 34,700 च्या आसपास. भाडं 12 हजार. उरलेल्या बावीस हजार सातशेंबद्दल विचारलं, की अण्णा चष्मा पुसायला घेतात. घराची किंमत ते स्वतःच साठ लाख सांगतात. म्हणजे वर्षाचे 1 लाख 44 हजार हे अडीच टक्केही होत नाहीत. याच गृहस्थांनी तीस वर्षं काउंटरपलीकडून लोकांना मुदत ठेवीचे दर पाठ करून दाखवले होते.

भाडेकरू निवडणं हा मात्र त्यांच्या आवडीचा विषय. वालचंद कॉलेजची पोरं नकोत, रात्रभर जागतात. मिरजेच्या हॉस्पिटलांतल्या नर्स नकोत, ड्यूटीच्या वेळा विचित्र. बदलीवर आलेला बँक अधिकारी उत्तम, कारण त्याची पुन्हा बदली होते. "गाव कुठलं?" हा पहिला प्रश्न, आणि गावावरून अंदाज लागला नाही तर "आडनाव?" हा दुसरा. हे दोन प्रश्न कशासाठी असतात ते विचारणाऱ्यालाही कळतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. अण्णा त्याला चौकशी म्हणतात. समोरच्याला घर नाकारलं जातं तेव्हा मात्र कारण वेगळंच सांगितलं जातं : "पुतण्या येणार आहे राहायला."

नदीकाठच्या गावभागातून कुणी आलं तर भाव चढतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. "आपल्याकडं पाणी येत नाही बघा," असं अण्णा म्हणतात ते अशा सुरात, की विश्रामबागची उंची त्यांनीच नगररचनेकडून मंजूर करून आणली असावी.

कराराच्या बाबतीत त्यांची श्रद्धा अकरा महिन्यांवर. अकरा महिन्यांचा कागद नोंदवावा लागत नाही, हे त्यांनी कुठल्याशा लग्नात ऐकलेलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 वेगळं सांगतं : करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. शेवटचं वाक्य वाचून अण्णा त्याच दिवशी नोंदणीला गेले. मुद्रांक चारशेच्या आत-बाहेर, नोंदणी फी हजार. "एवढंच?" म्हणाले. भाडेकरूकडून निम्मे घेतले.

घरपट्टीच्या सर्वेक्षणाला माणूस येतो तेव्हा हाच नोंदणीकृत भाडेकरू तासाभरासाठी 'आमचा भाचा' होतो.

घर दिलं, पण किती दिलं? परसातल्या दोन माडांचे नारळ भाड्यात धरलेले नाहीत, हे अण्णांनी करारात घालायला लावलं. दर रविवारी स्कूटरवरून ते येतात, नारळ मोजतात, कढीपत्ता खुडतात, नळाखाली बादली का ठेवली नाही ते विचारतात आणि हॉलमधला खिळा पाहून गप्प होतात. भिंतीला खिळा मारायला परवानगी नाही. त्यांच्या वडिलांच्या फोटोचा जुना खिळा आहे, तो वापरावा.

आणि मागची खोली कुलूपबंद. तिच्यात तांब्याचं घंगाळ, गणपतीचं मखर, मुलाची तीनचाकी सायकल आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे. नव्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच मावत नाही. अण्णांच्या बायकोनं तसं स्पष्ट सांगितलंय.

यंदा करार संपला. अण्णांनी तेरा हजार मागितले. भाडेकरू म्हणाला, "देतो की अण्णा, पण ती खोली उघडून द्या. पोरगी दहावीला आहे, अभ्यासाला जागा नाही." अण्णा रविवारपर्यंत विचार करून आले. अकरा हजारांवर तयार झाले, खोली सोडून. वर चार नारळ देऊ केले.

भाडेकरूनं सहा मागितले.