हलका करून देतो

असा एक मुलगा तुमच्याही गल्लीत असेलच. आमच्या सिन्नरात त्याला सगळे रॉमभाऊ म्हणतात. दिवसा मुसळगाव एमआयडीसीत नोकरी, संध्याकाळी स्टँडजवळच्या टपरीवर लोकांच्या मोबाइलची चिरफाड. तुम्ही खिशातून फोन काढला रे काढला, की हा तो तळहातावर तोलून म्हणणार, "जड झालाय. हलका करून देऊ?"

कंपनीची सिस्टीम काढून दुसऱ्याच कुणी फेरफार केलेली, म्हणजे 'रॉम', टाकायची, हे त्याचं हलकं करणं. मावशीच्या फोनचं केलं. बूटलोडर, म्हणजे सिस्टीमचं कुलूप, उघडला आणि फोटो, नंबर, भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं, सगळं पुसलं गेलं. मावशी किंचाळली. गडी शांत. "म्हणूनच हलका झाला ना!" पुढे बँकेचं अ‍ॅप चालेना, छेडछाड केलेला फोन त्याला ओळखू येतो. "पैसे जायची भीतीच गेली, मावशी. डोकं हलकं." फोन सुरू होताना दरवेळी इशारा उमटतो, की या फोनच्या सुरक्षिततेची खात्री नाही. तेवढे चार-पाच सेकंद हा त्यावर अंगठा धरून गप्पा मारतो.

फाइल आणलीस कुठून? "टेलिग्रामवर एक भाऊ आहे." भावाचं नाव? माहीत नाही. गाव? माहीत नाही. आत काय कालवलंय? तेही नाही. आणि हा पठ्ठ्या बाजारात मेथीची जुडी सोडून आतली पानं बघतो! इथे मात्र मेसेज, ओटीपी, माइक, कॅमेरा, सगळ्यांच्या किल्ल्या त्या भावाच्या हाती.

२०१६ च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड ही अशीच एक नावाजलेली रॉम बंद पडली तेव्हा यानं सुतक पाळल्यासारखं तोंड केलं होतं. तिचा वारस लिनिएजओएस. कोड उघडा, कुणीही तपासावा. पण याला तो बेचव वाटायचा. आपलं गोंदेश्वराचं देऊळ यादवकाळापासून एकही अपडेट न घेता उभं आहे, हेही सुनावून पाहिलं. "दगड आहे काका. जडच असणार."

तरी एक कबूल करायला हवं. बऱ्याच कंपन्या स्वस्तातल्या फोनला दोन-तीन वर्षं अपडेट देतात आणि मग तोंड फिरवतात. रोजंदारीवरच्या माणसानं दर तीन वर्षांनी नवा कुठून आणायचा? परवा माळेगाव एमआयडीसीतला एक कामगार असाच टाकून दिलेला फोन घेऊन आला. मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. रॉमभाऊनं आधी सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले. मग लिनिएजच्या स्वतःच्या साइटवरून नेमकी त्याच मॉडेलची फाइल, अक्षर न् अक्षर ताडून. रात्रीचे अकरा वाजले. पैसे विचारले तर म्हणाला, चहा सांगा.

फोन सुरू झाला, इशारा उमटला. अंगठा बाजूलाच राहिला. इंग्रजीतला तो मजकूर त्यानं मराठी करून वाचून दाखवला आणि वर दम दिला, "दादा, बँकेचं यात काही ठेवायचं नाही. ते वहिनींच्या फोनवर."