विक्रांत, आसनक्षमता दोन

सेवानिवृत्त युद्धनौकेपुढे दोनच वाटा असतात : संग्रहालय किंवा भंगार. पहिलीसाठी पराक्रम लागतो, असा एक भाबडा समज आहे. स्वीडनच्या ‘वासा’ने तो कधीच मोडीत काढला. १० ऑगस्ट १६२८ रोजी ६४ तोफांचे हे जहाज स्टॉकहोम बंदरातून पहिल्या सफरीला निघाले, जेमतेम तेराशे मीटर गेले, वाऱ्याच्या झुळकेने कलले आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरून बुडाले. वर भार जास्त, तळाशी वजन कमी, एवढेच कारण. निघण्यापूर्वी ३० खलाशांना डेकच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतके डोलू लागले, की तीन फेऱ्यांनंतर चाचणीच थांबवण्यात आली. जहाज थांबवावे असे कोणाला वाटले नाही, कारण राजाला घाई होती. पुढे चौकशी बसली, जबान्या झाल्या, शिक्षा कोणालाच झाली नाही. एवढा भाग मराठी वाचकाला फोड करून सांगावा लागत नाही.

बाल्टिक समुद्राचे पाणी अळणी असल्याने लाकूड पोखरणारा किडा तिथे तग धरत नाही. त्यामुळे २४ एप्रिल १९६१ रोजी वासा वर आले, ते जवळजवळ सबंध. लाकूड सुकून तडकू नये म्हणून त्यावर १७ वर्षे रसायन फवारले गेले, १९९० मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले आणि आज वर्षाला दहा लाखांवर माणसे तिकीट काढून हे अपयश बघायला येतात.

त्याच १९६१ च्या ४ मार्चला बेलफास्टमध्ये ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू नौका भारतीय नौदलात दाखल झाली. ही ब्रिटिशांनी अर्धवट बांधून टाकून दिलेली ‘हर्क्युलिस’, १९५७ मध्ये भारताने विकत घेतलेली. म्हणजे जन्मच सेकंडहँड. १९७१ च्या युद्धात तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता आणि वेग मंदावला होता. तरीही ४ डिसेंबरपासून तिच्या डेकवरून उडालेल्या सी-हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारची दाणादाण उडवली. तिला शोधायला आलेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ तळाला गेली. ३६ वर्षे नोकरी करून विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईच्या नौदल गोदीत संग्रहालय म्हणून उभी राहिली.

पण गिरणाकाठच्या भडगावकराला विक्रांत काय, नुसता समुद्र बघायचा तरी कजगाव, पाचोरा किंवा चाळीसगाव गाठून मुंबईची गाडी धरावी लागते. गिरणेचे पाणी तापीमार्गे फुकट समुद्राला मिळते, पण तो प्रवास माणसाला सोयीचा नाही. दवाखाना, मंत्रालय आणि लग्न ही मुंबईला जाण्याची तीन मान्य कारणे. संग्रहालय हे चौथे नव्हे, उरलेल्या वेळेत उरकायचे काम. शिवाय विक्रांत ठरावीक दिवसांतच लोकांना खुली होई. ज्यांना योग आला, त्यांतल्या शेतकऱ्यांची पहिली प्रतिक्रिया मोजणीची असे. २१३ मीटर लांबीच्या जहाजाचा डेक दोन एकरांच्या आसपास भरतो, आणि पाच बाय पाच फुटांवर त्यात केळीची साडेतीन हजार खोडे बसतात. पाण्याची सोय मात्र चारी बाजूंनी असून नसल्यासारखी.

२०१२ मध्ये जहाज धोकादायक ठरून संग्रहालय बंद झाले. कायमच्या संग्रहालयाचा खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. अखेर २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना लिलाव झाला, न्यायालयातले दावे संपले आणि मुंबईतल्या दारूखान्याच्या जहाजतोडणी आवारात गॅस कटर पेटले. पहिली सफरही धड न केलेल्या जहाजाला राजवाडा आणि युद्ध जिंकून आलेल्या जहाजाला भंगारवाला, हा न्याय समुद्रावर चालत असावा.

गोष्ट इथे संपली असती. पण त्या भंगारातले काही पोलाद बजाज ऑटोने घेतले आणि २०१६ मध्ये ‘बजाज व्ही’ ही दीडशे सीसीची मोटारसायकल बाजारात आणली. विक्रांतचे पोलाद तिच्या पेट्रोलच्या टाकीत गेले. संग्रहालयाचे असे विकेंद्रीकरण अन्यत्र क्वचितच झाले असेल. मुंबईला जाऊन जे बघायचे राहिले, ते आता पाचोरा रस्त्यावर चहाच्या टपरीपुढे साइड स्टँडवर तिरके उभे दिसू शकते. वासाही असेच कलले होते. इथे निदान स्टँड आहे. प्रवेश विनामूल्य, सोमवारी सुट्टी नाही, वस्तूंना हात लावण्यास मनाई नाही. ‘हाई जहाज शे का भाऊ?’ एवढे विचारले, की मालक स्वतः मार्गदर्शकाचे काम करतो.

अभ्यासकांत एकच मतभेद असतो : आपल्या टाकीत डेकचे पोलाद आहे की बॉयलरचे? डेकचे प्रत्येकालाच हवे असते. तडा गेलेल्या बॉयलरचे कोणालाच नको. भट्टीत वितळवून एकजीव केलेल्या पोलादात हा भेद उरत नाही, हे धातुशास्त्र टपरीवर टिकत नाही.

जुन्या गाड्यांच्या सौद्यात मालक १९७१ पासून सुरुवात करतो. चितगाव, गाझी, मिळालेली दोन महावीर चक्रे, सगळे होते. गिऱ्हाईक शांतपणे ऐकून घेते, टाकी वाजवून बघते आणि विचारते, ‘ते जाऊ द्या नाना, ॲव्हरेज कितलं देस?’