एक तोंड, तीन निवेदने

वरिष्ठांनी आणि जनसंपर्क विभागाने एका सुरात बोलावे, हे शिकवणाऱ्या कार्यशाळा उदंड होतात. युनायटेड एअरलाइन्समध्ये २०१७ साली अडचण वेगळीच निघाली: एकाच माणसाचा स्वतःशी सूर जुळेना.

९ एप्रिलला शिकागोत सुरक्षा कर्मचाऱ्यांनी एका प्रवाशाला आसनावरून खेचून, फरफटत विमानाबाहेर नेले. कंपनीला चार विमान-कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यकारी अधिकारी ऑस्कर मुनोझ यांनी दिलगिरी व्यक्त केली. कशाबद्दल? तर प्रवाशांची ‘पर्यायी सोय’ करावी लागली याबद्दल! (रक्ताळलेल्या तोंडाची पर्यायी सोय कशी लावतात, याचा निवेदनात उल्लेख नव्हता.) त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना पत्र गेले: तुम्ही नियमानेच वागलात, तो प्रवासीच भांडखोर.

घरच्यांना एक, दारच्यांना दुसरे. पत्र अर्थातच फुटले.

११ तारखेला तिसरा अवतार: घडले ते भयंकर, जबाबदारी पूर्णपणे आमची.

जेमतेम महिनाभर आधी ‘पीआरवीक’ या नियतकालिकाने याच मुनोझ यांना वर्षातील सर्वोत्तम संवादकाचा किताब दिला होता. या प्रकरणानंतर ‘पीआरवीक’ने खुलासा केला: आज निवड करायची असती, तर तो मुनोझ यांना दिला नसता.