ओला म्हणजे भिजलेला नव्हे : सहावीला स्पॅनिश शिकवायला निघालेल्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

अभिनंदन. तुमच्याकडे स्पॅनिशचं एक प्रमाणपत्र आहे, पुण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेला यंदापासून ‘फॉरेन लँग्वेज’ सुरू करायची आहे आणि गावातले जर्मन शिकवणारे सगळे आधीच पळवले गेले आहेत. तेव्हा तुमची निवड झाली. जूनच्या मध्यावर शाळा उघडेल. त्याआधी वर्षाचा आराखडा द्यायचा आहे. घाबरायचं कारण नाही, पुढच्या सूचना पाळा.

आधी तासिका मोजा. आठवड्याला दोन, पस्तीस मिनिटांच्या. वर्षाचे आठवडे गुणिले दोन करून तुम्ही सत्तर लिहाल. खोडा. गणपती, दिवाळी, घटक चाचण्या, क्रीडादिन आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी यांतून चाळीस हाती लागल्या तर देवाला नारळ द्या. तालमींसाठी पोरं न्यायला पीटीचे सर येतील, ‘तुमचा तसा ऑप्शनलच ना’ म्हणतील, आणि तुम्ही हसून मान हलवाल. शिवाय फ्रेंचवाले एका वर्गात, जर्मनवाले दुसऱ्या वर्गात, अशी पांगापांग होऊन तुमची मुलं तुमच्यापर्यंत पोचेतो सात मिनिटं गेलेली असतात. तुम्हाला मिळते चित्रकलेची खोली. तिथल्या फळ्यावर ‘पुसू नये’ असं लिहिलेलं असतं. पुसू नका. उरलेल्या कोपऱ्यात शिकवा.

आराखड्यात ‘ध्येय’ नावाचा रकाना असतो. तिथे ‘ए-वन’ लिहा. युरोपच्या चौकटीत भाषेच्या सहा पायऱ्या आहेत, ए-वनपासून सी-टूपर्यंत. ए-वन म्हणजे स्वतःचं नाव, वय, घर, आवडनिवड सांगता येणं आणि समोरचा सावकाश बोलला तर कळणं. (या मापानं आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं मराठीत ए-टूच्या पायरीवर बसून आहेत. हे आराखड्यात लिहू नका.) इन्स्तितूतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची देले नावाची परीक्षा असते, आणि ११ ते १७ वयाच्या मुलांसाठी तिची वेगळी शालेय आवृत्तीही आहे. पालकसभेत तिचा उल्लेख जरूर करा. सर्टिफिकेट हा शब्द कानी पडला की सभा निवते.

सभेतला पहिला प्रश्न ‘स्पॅनिशला स्कोप आहे का?’ हा असेल. उत्तरादाखल वीसेक देशांची राजभाषा, संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांपैकी एक, २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात नाव, एवढं म्हणा आणि खाली बसा. पांडुरंग खानखोजे यांचं नाव काढण्याचा मोह होईल. वर्ध्याचा हा गदर पक्षातला क्रांतिकारक फिरत फिरत मेक्सिकोला पोचला, तिथे चापिंगोच्या कृषी विद्यालयात स्पॅनिशमधून शिकवू लागला, मक्यावर काम केलं, आणि दिएगो रिवेरानं त्याला भित्तिचित्रात चितारलं. स्पॅनिशचा याहून मोठा स्कोप कुणा मराठी माणसाला मिळाल्याचं मला माहीत नाही. पण हे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतून ‘पॅकेज काय होतं?’ असा सूर येतो. तेव्हा बसलेलंच बरं.

आता पहिला तास. बाहेर पाऊस, आत रेनकोटांचा वास. तुम्ही हसतमुखानं म्हणाल, ‘ओला!’ पहिल्या बाकावरचा मुलगा स्वतःच्या बाहीकडे बघून म्हणेल, ‘हो मॅडम, छत्री बसमध्ये राहिली.’ माझ्या बाबतीत हे झालं आहे. वर्ग हसला, मी हसले, आणि त्या पस्तीस मिनिटांत एकही मूल ‘ओला’ म्हणजे ‘नमस्कार’ हे विसरणार नाही याची सोय झाली. स्पॅनिशमध्ये एच लिहायचा असतो, म्हणायचा नसतो, हेही त्याच झटक्यात उरकलं.

इथे एक नियम सांगायला हवा. शाळेच्या जिन्यात एक पाटी आहे, आवारात फक्त इंग्रजीत बोलावं अशी. तुमचं पाठ्यपुस्तकही इंग्रजीतून समजावणारं, दूरदेशीच्या मुलांसाठी लिहिलेलं. नियम पाळून शिकवायचं म्हटलं तर पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सांगा : ‘स्पॅनिश टी हा इंग्रजी टीपेक्षा मऊ असतो, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लावा, हवा सोडू नका, आरसा घ्या.’ दहा मिनिटं आरशात जिभा बघून मुलं ‘टोमाटे’च म्हणतील. मग दार लोटून घ्या आणि हळूच म्हणा, ‘अरे, तू-तुझं मधला त. तोमाते.’ संपलं. प, त, क हे तिन्ही आपल्या मुलांच्या तोंडात जन्मापासून आहेत. आ, ए, ई, ओ, ऊ हे पाच स्वर आहेत. इंग्रजी टीनं त्यांच्यावर ट चढवला आहे, तो फक्त उतरवायचा.

आणि ञ. बालवाडीच्या चित्रमय तक्त्यात कमळ, खटारा, गणपती असं करत करत आपण या अक्षराशी यायचो आणि त्याच्या चौकटीत चित्रच नसायचं. बिचारं बिनकामाचं, चवर्गाच्या शेवटी बसलेलं. स्पॅनिशमध्ये त्याला नोकरी आहे. एनच्या डोक्यावर नागमोडी रेघ काढली की ते अक्षर होतं एन्ये, उच्चार नेमका ञ. जुन्या काळी हातानं पोथ्या उतरवणारे लेखनिक जागा वाचवायला दोन एनांऐवजी एकच लिहून वर खूण करत, ती पुढे कायम झाली. ही रेघ मुलांना पहिल्याच आठवड्यात गिरवायला लावा, कारण वय सांगताना ‘तेंगो ओन्से आन्योस’ म्हणायचं असतं, मला अकरा वर्षं आहेत अशा अर्थी. रेघ राहिली तर ‘आनोस’ होतं, आणि तुमचा विद्यार्थी आपल्याजवळ अकरा गुदद्वारं असल्याचं वहीत सहीनिशी लिहून देतो. याचा अर्थ मुलांना सांगू नका. ते तिसऱ्या आठवड्यात मोबाइलवर बघतीलच, आणि तेव्हापासून सगळे मुद्दाम रेघ विसरतील.

‘मे यामो’ म्हणजे माझं नाव. मुलं ‘मे यामो एस आरव’ म्हणणारच, मधला ‘एस’ इंग्रजीतल्या इजच्या ओढीनं येतो. तो वर्षभर काढत राहा. वर्गात फुटबॉलवेडा एक असतोच. तो सांगेल की मेस्सीच्या गावाकडे ‘यामो’ला ‘शामो’ म्हणतात. त्याचं बरोबर आहे. त्याला मॉनिटर करा.

पाचवं प्रकरण आवडीनिवडीचं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात या प्रकरणाला घाबरवून सोडतात. ‘आय लाइक मँगो’ असं इंग्रजी घेऊन बसलेल्याला स्पॅनिश वाक्य उलटं पडतं : ‘मे गुस्ता एल मांगो.’ आंबा कर्ता, माणूस बाजूला. पुस्तकात यासाठी चार पानं, बाणांच्या दोन आकृत्या आणि ‘धीर सोडू नका’ अशी चौकट. त्या चार पानांच्या तासाला मी आकृती काढत होते. शेवटच्या बाकावर बसणारी, वर्षभरात एकदाही हात वर न केलेली मुलगी शेजारणीला म्हणाली, ‘अगं, मला आंबा आवडतो.’ शेजारीण म्हणाली, ‘मलाही.’ ‘तसं नाही. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. तसंच आहे हे.’ मी खडू ठेवला. मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. मला म्हणजे मे, आवडतो म्हणजे गुस्ता, आवडतात म्हणजे गुस्तान. आंबे वाढले की क्रियापद बदलतं, खाणाऱ्याला कुणी विचारत नाही. आकृती पुसली. (‘पुसू नये’चा थोडा भागही पुसला गेला.) चार पानं साडेतीन मिनिटांत झाली. उरलेला वेळ आंबा या विषयावर गेला.

आराखड्यात मात्र या धड्याला पाच तासिका दाखवा. कमी दाखवल्या तर त्या पीटीकडे जातात.

लिंगाचंही तेच. मेज स्त्रीलिंगी का, यावर पुस्तक पानभर सांत्वन करतं. आपल्या मुलांना सांत्वन नको. खुर्ची ती, पंखा तो, कपाट ते, हे ऐकतच ती वाढली. उलट तीनाचे दोन झाले म्हणून खूश होतात. काळा कुत्रा, काळी मांजर : पेर्रो नेग्रो, गाता नेग्रा. पण इथे एक खड्डा आहे आणि तो कुठल्याच पुस्तकात दाखवलेला नाही. मराठी कानाला शेवटचा आ पुल्लिंगी वाटतो : घोडा, रस्ता, चष्मा, मुलगा. स्पॅनिशमध्ये तो बहुधा बायकी. कासा, मेसा, चीका. त्यामुळे ‘चीका’ म्हणजे मुलगी हे सहामाहीपर्यंत पचत नाही. र एकेरी की दुहेरी, तेही सांभाळा. पेरो म्हणजे पण, पेर्रो म्हणजे कुत्रा, पेरा म्हणजे नासपती, पेरू हा देश, आणि डब्यातल्या पेरूला म्हणायचं ग्वायाबा. एवढं एका दमात सांगितलंत तर एक मूल रडतं.

आकडे. तीसच्या पुढे स्पॅनिश सरळ आहे : त्रेइन्ता ई उनो, तीस आणि एक. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचायला सुचवलं तेव्हा विधानसभेपर्यंत गहजब झाला. स्पॅनिश लोक शेकडो वर्षं तेच करताहेत आणि कुणाचा सभात्याग नाही. मुलं विचारतील, ‘मॅडम, सिक्स्टी-नाइनला मराठीत काय?’ सांगा. मग ती स्पॅनिशच्या प्रेमात पडतील.

घड्याळाला जास्त वेळ राखून ठेवा. ‘क्वात्रो मेनोस क्वार्तो’ म्हणजे चार उणे पाव. पावणेचार! पावणे म्हणजे पाव उणेच की. मी विजयी मुद्रेनं हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, वळले, आणि अठ्ठावीस चेहरे कोरे. त्यांना पावणेचार माहीत नव्हतं. थ्री फॉर्टी-फाइव्ह माहीत होतं. सव्वा, साडे, पावणे हे त्यांच्या लेखी आजी वापरत असलेले शब्द, अडकित्त्यासारखे. तेव्हा या धड्याला तीन तासिका धरा : दोन मराठीच्या, एक स्पॅनिशची. आराखड्यात तिन्ही स्पॅनिशच्या दाखवा. अडीच आणि दीड शिकवायच्या फंदात पडू नका, त्यांना स्पॅनिशमध्ये असे सुटे शब्द नाहीत आणि तुम्हाला वेळ नाही.

मग कुटुंब, ला फामिलिया. गृहपाठ म्हणून झाड काढायला सांगा. मावशी, आत्या, काकू, मामी या चौघींना मिळून एकच शब्द, तीआ. (स्पेनमधल्या तरुण मुली मैत्रिणीलाही तीआच म्हणतात.) आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ सगळे प्रीमो. मुलं हळहळतात, एक आत्या तर फोनवर माझ्याशी भांडली. तिला मी व्याह्यांबद्दल सांगितलं. व्याह्याला इंग्रजीत शब्द नाही, स्पॅनिशमध्ये आहे : कोन्सुएग्रो, सह-सासरा. साडूसाठीही आहे, कोन्कुन्यादो. लग्नं जमवणाऱ्या समाजाला काय लागतं ते दोन्हीकडे ठाऊक दिसतं. आत्या निवली नाही, पण फोन ठेवला.

डिसेंबरात ‘फूड डे’ येतो. पालकांना ‘तोर्तिया पाठवा’ अशी चिठ्ठी काढू नका. मेक्सिकोत तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ भाकरी, स्पेनमध्ये अंडी-बटाट्याचं जाड ऑम्लेट, आणि शाळा शाकाहारी. मी चिठ्ठी काढली होती. पुढचं सांगत नाही. चुर्रोस करा. चकलीचा सोऱ्या, चांदणीची चकती, मैद्याची उकड, तळून वर साखर. आज्यांना बोलवा, त्यांना प्रशिक्षण लागत नाही. फक्त काटेरी वळसे घालायला बसतील, त्यांना ‘सरळ, सरळ’ म्हणत राहा.

शेवटी मार्चात वह्या तपासणीला जातात. त्याआधी सगळ्या चाळा. जवळजवळ प्रत्येक वहीत, स्पॅनिश शब्दाच्या खाली, बारीक पेन्सिलीनं देवनागरी लिहिलेलं सापडेल : हामोन, निन्यो, काबाय्यो, ग्रासिआस. पुस्तकातल्या इंग्रजी उच्चारखुणांपेक्षा कितीतरी अचूक. कुणी शिकवलेलं नसतं, एकानं केलं आणि वर्गभर झालं. जिन्यातली पाटी लक्षात घेता हे खोडायला सांगावं लागतं. खोडरबर तुम्हीच आणा, मुलांकडे नसतात. ज्यांनी पेनानं लिहिलं असेल त्यांच्या त्या पानावर ला फामिलियाचं झाड चिकटवा. मावश्या धरून ते पानभर असतंच.