क्षम्य टक्क्यातील वर्गणीदाराचा खुला अर्ज

सकलगुणालंकृत, वर्गणीग्रहणतत्पर, चित्रपट व मालिका घरोघर पोहोचविणाऱ्या अ‍ॅपाचे धनी यांस, एका वार्षिक वर्गणीदाराचा कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

आपले अ‍ॅप आमच्या टीव्हीवर चालता चालता मध्येच बंद पडते, पडदा क्षणभर काळा होतो आणि मग, जणू काही घडलेच नाही अशा निर्विकार मुद्रेने, टीव्हीचा मूळ पडदा समोर येऊन उभा राहतो, अशी फिर्याद मी आपल्या मदतकक्षाकडे गुदरली. आणि तिच्या उत्तरादाखल (जे इतक्या तातडीने आले की ते माझा मजकूर वाचण्यापूर्वीच लिहून तयार असावे) उपायांची जी यादी मला प्राप्त झाली, तिच्यासंबंधी हे पत्र आहे. यादी विस्तृत आहे, विनयशील आहे. मात्र दोष अ‍ॅपात असू शकेल, या शंकेचा विटाळ तिला कोठेही झालेला नाही.

अ‍ॅप सक्तीने थांबवावे, मग कॅशे साफ करावी, त्याने गुण न आल्यास डेटा साफ करावा, राउटर बंद करून पुन्हा चालू करावा, अ‍ॅप काढून टाकून नव्याने घ्यावे, आणि अखेरीस सारा टीव्ही कारखान्यातून आला त्या स्थितीस न्यावा, असा त्या प्रायश्चित्तविधीचा क्रम आहे. कॅशेबद्दल माझी तक्रार नाही; तिच्यात लहानसहान चित्रे नि तत्सम तात्पुरता साठा असतो, तो गेल्याने कोणाचे काही बुडत नाही. परंतु तिला लागूनच असलेले डेटा साफ करण्याचे कलम निराळ्या जातीचे आहे, कारण त्याची अंमलबजावणी होताच अ‍ॅप आपल्या वर्गणीदाराला ओळखेनासे होते, आणि मग रिमोटचे बाण दाबीत, पडद्यावरील अक्षरांतून एकेक अक्षर वेचीत, ई-मेलचा पत्ता व त्यामागून मोठे अक्षर, लहान अक्षर, अंक आणि एक विक्षिप्त चिन्ह यांनी मंडित असा पासवर्ड सिद्ध करावा लागतो. यजमानाच्या हातून ताट सांडावे आणि त्याने पाहुण्यालाच हात धुऊन येण्यास फर्मावावे, असा हा शिष्टाचार आहे.

न्यायबुद्धीला स्मरून हेही नमूद केले पाहिजे की यादीतील उरलेले काही उपाय सर्वथा निराधार नाहीत. टीव्हीची साठवण तुंबली असेल तर अ‍ॅपाची गैरसोय होते. घड्याळ भलत्याच वर्षात जाऊन बसले असेल तर सुरक्षिततेची प्रमाणपत्रे मुदतबाह्य ठरून जोडणीच नाकारली जाते. आणि टीव्ही बंद करून चालू केल्याने अडकून पडलेली स्मृती मोकळी होते, हे सत्य आहे. आमची साठवण निम्म्याहून अधिक रिकामी आहे व घड्याळ बरोबर आहे. राउटरविषयीच्या आपल्या संशयाला तर फारसा आधार नाही. चलच्चित्र काही सेकंदांच्या तुकड्यातुकड्यांनी येते, जोडणी मंदावली की कमी दर्जाचे तुकडे मागविले जातात, म्हणून चित्र धूसर होते, फार झाले तर पडद्यावर प्रतीक्षेचे चक्र गरगरत राहते. अ‍ॅपाचा प्राण सहसा त्याने जात नाही.

दोष दर वेळी वापरणाऱ्याच्या पदरी नसतो, याचा एक दाखला देतो. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडच्या असंख्य फोनांवर एकाएकी अनेक अ‍ॅपे, खुद्द जीमेलसुद्धा, उघडताक्षणी कोसळू लागली होती, हे आपणांस स्मरत असेल. अ‍ॅपांच्या पोटात वेबपाने दाखविणारा वेबव्ह्यू नावाचा जो सामायिक घटक असतो, त्याच्यात बिघाड उद्भवला होता. गूगलने वेबव्ह्यू व क्रोम यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या तेव्हा तो प्रकार निवळला. तोवर ज्या निरपराध जनांनी आपापले फोन पुन्हापुन्हा बंद-चालू केले आणि कॅशे धुऊन स्वच्छ केल्या, त्यांच्या निष्ठेची नोंद कोणत्याही दफ्तरात झाली नसेल.

दफ्तराचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. अ‍ॅप कोसळते तेव्हा त्या मृत्यूचा रीतसर पंचनामा होतो: उपकरण कोणते, आवृत्ती कोणती, आज्ञावलीतील कोणते कार्य चालू असता, कोणत्या ओळीशी प्राण गेला, हे सारे त्यात टिपलेले असते, आणि वापरकर्त्याची संमती असल्यास ते निर्मात्याकडे रवाना होते. संमती मी दिलेली आहे. म्हणजे घटनेची साद्यंत हकीकत आपल्यापाशी, आणि माझ्या वाट्यास मात्र ‘क्षमस्व, काहीतरी चुकले’ एवढे वाक्य. आणि तरीही तपासाची जबाबदारी माझ्यावर!

या औदासीन्याचे मूळ कोठे असावे याचा शोध घेता एक आकडा हाती लागला. गूगलच्या अ‍ॅपभांडारात असा दंडक आहे की दिवसभरातील वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्के लोकांच्या डोळ्यांदेखत अ‍ॅप कोसळू लागले तर ते बेशिस्त गणले जाते, आणि भांडारात त्याला मागे सारले जाऊ शकते. म्हणजे शंभरांतील एकाचा चित्रपट रोज मोडला तरी कोणाच्या अब्रूस धक्का लागत नाही. आमचे कुटुंब त्या क्षम्य टक्क्यात मोडत असावे. अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी मजजवळ विचार पुष्कळ आहेत, परंतु ते येथे अप्रस्तुत होत.

असो. आपण तपास माझ्यावर सोपविलाच होता, तो मी पुरा केला आहे. अ‍ॅप वाटेल तेव्हा कोसळत नाही. एका विवक्षित मल्याळम चित्रपटात, नायकाचा थोरला भाऊ वाटणीचे कागद घेऊन पडवीत येतो त्याच क्षणी, दर वेळी कोसळते. इंग्रजी उपशीर्षके बंद केली की तो भाऊ बिनधोक पडवीत येतो, बसतो आणि बराच वेळ बोलतो. यावरून त्या ठिकाणच्या उपशीर्षकात काही दोष असून तो आपल्या अ‍ॅपाला पचत नाही, असा माझा निष्कर्ष आहे. ती ओळ पंचनाम्याशी ताडून पाहावी व दुरुस्त करावी, इतकीच प्रार्थना. तूर्त आम्ही तो चित्रपट उपशीर्षकांवाचून पाहत आहोत. थोरला भाऊ लबाड आहे असे माझे मत झाले आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या मते तो बिचारा सर्वस्व सोडून द्यायला निघाला आहे. निकाल आपल्या हाती आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
मुदत संपेपर्यंत वर्गणीदार